म्यानेजरनं उपटलेली कर्दळ

तीर्थरूप मायले खामगावाहून हिंमतचा दंडवत.

मी खुशाल आहो. तुये गुडघे कसे आहेत?

बाजाररस्त्याचं पावसाचं घाण पाणी आमच्या कापसाच्या जिनातल्या विहिरीकडं येते, म्हणून मी वाटेत वाळू टाकून कर्दळ लावली होती. तिच्यातून पाणी निवळून जाय. नव्या म्यानेजरले ते जंगल वाटलं. "उपट बे, स्वच्छ दिसलं पाह्यजे," म्हणे. असा शिकलेला गाढव मी पाह्यला नाही.

आठवड्यात पाऊस झाला अन् विहीर नासली. तुया नातीले, शालूले, हगवण लागली. आता पेज खाते, घोर करू नको.

म्यानेजरसाहेबाची पोरंही आजारी पडली, तवा म्हणे, "हिंमत, कर्दळ लाव." आता सगळ्याइले सांगते, युक्ती त्याचीच. सांगू दे. मी शालूसाठी लावून राह्यलो.

परसातले कर्दळीचे कांदे इकडं येणाऱ्या शेषरावदादाजवळ लवकर पाठव.

तुया लेक,
हिंमत