सागाची पाचर

बाबा, माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तुमची तीन गेली होती, म्हणजे इथेही मी तुमच्या मागेच.

मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरांनी उरलेला पंजा उलटसुलट करून पाहिला, अपंगत्वाचे टक्के लिहिले, आणि कामगार विम्याची पेन्शन सुरू झाली. आता दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. मी जिवंत आहे एवढं पुरतं, हातांचं कोणी विचारत नाही. कामावर गेलं तरी पेन्शन थांबत नाही, हे कळल्यावर मालकाचा फोन आला. "तू तो अपना आदमी है, पॅकिंग में बैठ." कॅम्प दोनमधल्या कारखान्याच्या गाळ्यात शिरलो तर सगळे ओरडले, "आले, सरकारचे जावई आले!" पॅकिंग आठ दिवस टिकलं. मग पत्रा ठोकायच्या प्रेसवरचा माणूस गावी गेला. "दो दिन देख ले." तो अजून गावीच आहे.

प्रेसला दोन बटणं, तुम्हाला काय सांगायचं. दोन्ही हात बटणांवर असले तरच वरचा डाय, तो लोखंडी साचा, पत्र्यावर खाली येणार, म्हणजे हात आत राहू नयेत. आणि आपण शहाणे एका बटणात पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवतो. एक हात मोकळा, माल दुप्पट. माझा उजवा असाच मोकळा होता. मी कामाला लागलो त्या सकाळी, बुवापाड्याच्या आपल्या स्वयंपाकघरात, तुम्ही रुमालातून ही सागाची पाचर काढून माझ्या हातावर ठेवलीत. लोक घड्याळ देतात. आईने ती उचलून थेट चुलीत टाकली. तुम्ही उरलेल्या दोन बोटांनी ती निखाऱ्यातून काढता, फुंकता, म्हणता, "अक्कल नको पाजळू. पोरगं मागं पडेल." आई पोळपाटाशीच बोलते, "पडू दे मागं. आख्खं घरी येऊ दे." मी हसलो होतो.

परवा बायकोने डबा भरताना विचारलं, "अहो, ती काळी पाचर कुठंय?"

"वालधुनी नदीत फेकली."

"माझी शपथ घ्या."

"तुझी नको. तू तरी आख्खी राहा."

ती हसली नाही. माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

हल्ली प्रेसचा ब्रेक सरकतो. कधीतरी न दाबताच दुसरा ठोका पडतो. मालकाला सांगितलं, तर म्हणाला, "दिवाली के बाद देखेंगे." उजव्याला पत्रा चिमटीत धरवत नाही, म्हणून आता उजवा बटणावर आणि डावा आत. पाचर डाव्या बटणात बसते, जळकं टोक आतल्या बाजूला. अगदी चपखल बसते.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा हे पाठवायचा प्रश्न नाही. तुमच्याच रुमालात, पाचरीसोबत गुंडाळून ठेवतोय. वालधुनीत मी काहीच फेकलं नाही. आणि हे सगळं डाव्या हाताने लिहिलंय, बाबा. सहा महिने गिरवलं, आता कुठे अक्षर वळायला लागलंय.