राजसीच्या खोलीचं दार

१२ एप्रिल

अनीश म्हणतो, तिन्ही खोल्यांना स्प्लिट एसी लावू आणि मोकळे होऊ. मी म्हटलं, नको. का नको ते सांगता आलं नाही. राजसी समोर जेवत होती.

खरं कारण इथे लिहिते. स्प्लिट आला की दार बंद होणार. बंद दारामागे माझी सोळा वर्षांची मुलगी, आणि तिला फिट आली तर मला कळणारही नाही. फेब्रुवारीत आली तेव्हा मी शेजारीच होते. पलंगाच्या कडेवर डोकं आपटणार, तेवढ्यात धरलं. मी तिथे नसते तर — नको.

१३ एप्रिल

घर नुसतं तापलंय. मांजर्लीच्या जुन्या घरी निदान नदीकडून वारा यायचा. पुराला कंटाळून शिरगावात सगळ्यात वरचा मजला घेतला, तर डोक्यावर गच्ची. डॉक्टर म्हणालेत, उकाड्यात तिला दमवू नका. एसी हवाच. वाद फक्त कुठला, एवढाच.

१९ एप्रिल

उल्हासनगरला दुकानात गेलो. शेठ सिंधी, बोलायला गोड. "भाभी, घर के लिए स्प्लिट बेस्ट. ज्याला जेवढं थंड पाहिजे तेवढं. एक बिघडला तरी बाकीचे चालू." अनीश मान हलवत होता.

मी विचारलं, दुसरं काय आहे? मग त्यांनी सेंट्रल दाखवला. छताखाली एकच मशीन, तिथून प्रत्येक खोलीत हवा नेणारा डक्ट, आपल्याला दिसते नुसती जाळी. "लेकिन उसमें फॉल्स सीलिंग लगेगा, तोडफोड होगा. आणि हवा परत मशीनकडे यायला पाहिजे ना, तो दरवाजे खुले रखने पडेंगे."

दरवाजे खुले. मी एवढंच ऐकलं.

"हाच," म्हटलं. अनीश माझ्याकडे बघत राहिला.

२० एप्रिल

राजसी भडकली. "म्हणजे मला दार लावताच येणार नाही? कधीच?" मी हवा, वीज, थंडावा असं काहीबाही सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे एसीचं नाहीये. हे माझं आहे."

अनीश अंबरनाथला कंपनीत निघताना चपला घालता घालता म्हणाला, "वृंदा, तिला थोडं एकटं राहू दे ग." त्याने फिट बघितलेलीच नाही. प्रत्येक वेळी ड्यूटीवर होता. डोळे कसे वर जातात, ते त्याला ठाऊक नाही.

६ मे

बसलं एकदाचं. छत खाली आलं, घर बुटकं वाटतंय. पण सगळीकडे सारखा गारवा आणि सगळी दारं उघडी. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपते. तिथून तिचा पलंग दिसतो. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. मध्येच फार वेळ निपचित वाटली की उठून बघून येते.

११ मे

ती झोपते, मी जागते. ऑफिसात डुलक्या लागतात. चालेल.

१७ मे

आली.

दुपारी, स्वयंपाकघरात. हातात काचेचा बाउल होता. घर गार होतं, गोळी वेळेवर दिली होती, मी अगदी जवळ उभी होते — तरी आली. काचा पायाने बाजूला सारल्या, तिला कुशीवर वळवलं, ओढणी डोक्याखाली सरकवली. मी तिचं नाव घेत होते की देवाचं, आठवत नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने आधी विचारलं, "तुझ्या पायाला काय लागलं?"

आता कशाकशाला जपायचं? काय राहिलंय?

१९ मे

डॉक्टरांनी पुन्हा सगळं विचारलं. गोळ्या? वेळेवर. ताप? नाही. दगदग? नाही. "झोप?" राजसी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "छान झोपते. मी बघते ना." तिने मान खाली घातली.

"झोप मोडली की फिट यायची शक्यता वाढते," डॉक्टर म्हणाले. "तेवढं सांभाळा."

रिक्षात मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही. धरलाही नाही.

२१ मे

रजा टाकली. दुपारी आमच्या खोलीत आडवी झाले होते. जाळीतून आवाज आला. आधी वाटलं मशीन कुरकुरतंय. मग राजसीचा आवाज, कानाशी बोलल्यासारखा. डक्टमधून बोलणंही येतं हे शेठ बोलले नव्हते. ती तिच्या मैत्रिणीशी, ओवीशी, फोनवर बोलत होती.

"झोपच लागत नाही यार. आई समोरून बघत असते. मी हलले नाही तर येते, नाकापाशी बोट धरते. मग मी मुद्दाम अधूनमधून कूस बदलते, म्हणजे ती घाबरणार नाही. पहाटे तिचा डोळा लागला की मग झोपते मी. — नाही ग, तिला कसं सांगू? ती रडेल."

उठून बसले.

२२ मे

तिला म्हटलं, "आजपासून दार लाव. कडी तेवढी नको. हवेसाठी दाराला खाली जाळी करून घेऊ."

"आणि तू?"

"मी आत झोपेन. बाबांजवळ."

ती मग म्हणाली, "आई, मला पण खूप भीती वाटते ग."

इतक्या दिवसांत मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं.