न धुतलेला पंचा

कुंभकोणम, ६ फेब्रुवारी २०२५

ती. अनंतअण्णास, चैत्राचा सा. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपवर तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून कागद. शिवाय तुझ्याकडून एक पार्सल हवंय.

जननीअक्काच्या प्रद्युम्नचे केस आता खांद्याखाली आलेत. तो पोटात असताना अक्काने तिरुक्करुगावूरच्या अम्मन देवीला नवस बोलला होता, पहिलं मुंडण, पहिली मोट्टै तिथेच, मामाच्या मांडीवर. त्याआधी कात्री लावायची नाही. पोरगा पाच वर्षांचा झाला, केस डोळ्यांत जातात, तो ते उपटतो, डोकं सोलवटलंय. आणि गेल्या वर्षी तुझ्या मांडीवर बसवून सगळ्यांनी मिळून धरलं, तर भिजवायच्या आतच तो सुटून पळाला. त्यानंतर दिवाळीपर्यंत ‘अम्मा’ म्हणाला नाही. तेवढा एकच शब्द होता त्याच्याकडे.

तरी आपल्या अम्माचं फोनवर चालूच, ‘दहा मिनिटं घट्ट धरा, झालं!’ भावोजीही तेच म्हणतात. मी म्हटलं, मला मेपर्यंत वेळ द्या. क्लिनिकमध्ये अशा मुलांबरोबर मी हेच तर काम करते. हलका हात लागला की त्याला मुंग्या चावल्यासारखं होतं, पण दोन्ही तळव्यांनी डोकं घट्ट दाबलं की तो मांजरासारखा डोळे मिटतो. केसांचं मी बघते. प्रश्न मांडीचा आहे, तुझ्या.

म्हणून तू संध्याकाळी शटल खेळून घाम पुसतोस ना, तो पंचा पाठव. न धुता. झोपाळ्यावर बसला की त्याच्या खांद्यावर टाकीन. झोपाळा त्याला फार आवडतो, त्याच्याबरोबर तुझा वासही आवडायला लागेल.

लोभ आहे तसा असू दे, फक्त साबण लावू नकोस.
चैत्रा

चेन्नई, १५ फेब्रुवारी

चि. चैत्रास अनेक आशीर्वाद.

माझ्या घामाला मागणी आहे हे ऐकून ऑफिसात छाती काढून फिरतोय. एवढं शिकलीस आणि शेवटी भावाचा मळका पंचा मागवलास! असो, डॉक्टरीणबाईंचा हुकूम. पंचा पाठवतोय. मला वेळ नव्हता, अम्मानेच छान पॅक करून दिलाय. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये ठरलंय.

पोराला माझा, म्हणजे त्या पंच्याचा, नमस्कार.
अनंत

कुंभकोणम, २८ फेब्रुवारी

ती. अण्णास सा. न. वि. वि.

पंचा खांद्यावर टाकला, त्याने भिरकावला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो झोपाळ्यावर चढेचना. अक्का म्हणाली, जाऊ दे ग, त्याला मामा नकोच आहे. माझाही धीर जरा सुटला, खोटं कशाला बोलू.

मग मी तो नाकाला लावला. कांजी! इस्त्री! कापूर! आणि चारी कोपऱ्यांना हळद! अण्णा, अम्माने तो धुतला, कडक केला आणि नव्या कापडासारखी हळद लावून पाठवला. प्रद्युम्नला तू नकोस असं नाहीच, त्या पंच्यात तू नव्हतासच!

दुसरा पाठव. या वेळी तुझ्या हाताने.
तुझी चिडलेली, पण नाउमेद नसलेली
चैत्रा

चेन्नई, ८ मार्च

चि. चैत्रास आशीर्वाद.

अम्माला विचारलं, तर उलट मलाच ओरडा. मळकं कापड मुलीच्या सासरी पाठवायचं? लोक काय म्हणतील, सीतालक्ष्मीच्या घरात पाणी नाही? म्हणून हा पंचा कोर्टवरून थेट ऑफिसात नेऊन पॅक केलाय. माझ्या शेजारचा जागा बदलून बसलाय.

पण खरं सांग. पोंगलला आलो होतो तेव्हा माझा आवाज ऐकून तो खाटेखाली शिरला होता. बसेल तो? नसेल बसणार तर तसं लिही. मी येईन, लांब उभा राहीन, पण त्याला धरणार नाही.

कळव.
अनंत

कुंभकोणम, २६ मे

ती. अम्मास सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? अण्णा आज रात्रीच्या गाडीने निघतोय, पण तो स्वतःचीच स्तुती सांगेल, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतेय.

दुसरा पंचा महिनाभरात प्रद्युम्नचा झाला. झोपतानाही लागतो. काल आम्ही गर्दी व्हायच्या आत देवळात पोचलो. गार पाण्याने तो दचकतो, म्हणून कॉफीच्या फ्लास्कमधून कोमट पाणी नेलं होतं. फ्लास्कचा वास काही गेला नव्हता, अम्मनला डिग्री कॉफीचा अभिषेकच झाला म्हण! अण्णा मांडी घालून बसला, हात मागे बांधल्यासारखे. प्रद्युम्नने पंचा हुंगला, अण्णाचा खांदा हुंगला, आणि बसला.

अर्धं डोकं झालं आणि तो उठला.

भावोजी धरायला पुढे झाले. अक्का त्यांच्या आडवी उभी राहिली, म्हणाली, अर्धी मोट्टै घेऊन घरी जाऊ, पण हात लावायचा नाही. वस्तरेवाले हसले. तो झाडापाशी गेला, पंचा तोंडावर धरून उभा राहिला. मी पण काही केलं नाही. फार कठीण असतं ग ते, काही न करणं.

मग तो आपणहून परत आला. अण्णाच्या मांडीवर बसला आणि त्याचे दोन्ही हात ओढून आपल्या उरलेल्या केसांवर दाबून घेतले. अण्णा रडत होता, हे तो सांगणार नाही.

चंदन लावताना प्रद्युम्नने अक्काला हाक मारली. कोणती, ते तुला कळेलच.

आशीर्वाद असू देत, गुडघ्यावर ताण देऊ नकोस.
चैत्रा

चेन्नई, ३ जून

चि. चैत्रास अम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचून घेतलं. काठीने घरभर चालते आहे.

अनंतला खेळायला दोन पंचे वेगळे काढून दिलेत. त्यांना मी हात लावत नाही. मोलकरणीलाही तसं सांगून ठेवलंय.

आता माझं एक काम कर. डोक्याला चंदन लावलं, तेव्हा त्याच्या अंगात जो बनियन होता, तो मला पाठव. जननीला धुवू देऊ नकोस. पूजा आटोपल्यावर हुंगीन, आधी नाही. तेवढं सोवळं राहू दे.

तुझी
अम्मा