दंतकथेवर आलेल्या प्रतिक्रिया

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. (पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मजेत असतो तर फोनवरच नसतो का बोललो?) कागदावर मुद्दाम लिहितोय, कारण पडद्यावर काही लिहायची सध्या भीती वाटते. कागद निदान गप्प बसतो.

तुम्हाला माहीतच आहे, हल्ली दवाखाने कवळ्या बाहेरून यंत्रावर करून आणतात आणि माझ्याकडे फक्त मोडलेल्या येतात. दुपारी हात रिकामे, म्हणून मी ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं ‘दंतकथा’. (हसा. हिला मुळीच हसू आलं नव्हतं.) चाळीस वर्षांत हातांखालून गेलेल्या दातांच्या हकिकती त्यात लिहितो: एक गवई कवळी लावली की बेसूर व्हायचा, एका वकीलबाईंनी चिडून कोर्टात स्वतःची कवळी आपटली, वगैरे. माझं मत विचाराल तर ब्लॉग ही फार सभ्य वस्तू आहे. आपल्या खोलीत बसून आपण आपल्याशी बोलावं, दार किलकिलं ठेवावं, कुणी डोकावलं तर डोकावलं. माझ्याकडे महिन्याला सहा जण डोकावायचे आणि त्यांत चार वेळा मीच असायचो. याउलट ती मैत्रीची संकेतस्थळं म्हणजे दातांच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. सगळे आ वासून बसलेले, प्रत्येकाला आपलीच दाढ दाखवायची घाई, आणि दुसऱ्याची पाहिली न पाहिली तोच अंगठा वर.

या मतामागे थोडा राग आहे, हे कबूल करतो. दादा नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झाला आणि तिथे रोज मतं मांडू लागला, ते तुम्ही पाहिलंत. छत्री कशी मिटावी, कबुतरांना का हुसकावू नये, चहा कोणत्या हाताने ढवळावा. एके दिवशी त्याने लिहिलं की कवळी म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, आणि ती करणारे लोक दुसऱ्याच्या तोंडात हात घालून स्वतःचं पोट भरतात. मी खाली लिहिलं, “ज्या तोंडाने हे बोलतोस ते मीच बनवलंय.” एकशे बारा जण हसले. दादा नाही हसला. संध्याकाळपर्यंत त्याने मला मित्रांच्या यादीतून काढून टाकलं. सख्खा भाऊ, घर दहा मिनिटांवर, आणि बोटाच्या एका टिचकीने मी परका! मीही ताठ्यात राहिलो. तो आधी येईल म्हणालो. सव्वा वर्ष म्हणत राहिलो. पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

तो गेल्यावर चौथ्या महिन्यात ब्लॉगवर पहिली प्रतिक्रिया आली. दुपारचे तीन वाजले असतील, रस्त्यावर लख्ख ऊन. दादाच्या नावाने, त्याचा तो टोपीतला फोटो लावून लिहिलं होतं, “‘कवळी’तली ‘ळी’ दीर्घ. तू सगळीकडे ऱ्हस्व लिहिली आहेस..” शेवटी दोन टिंबं. (एक टिंब पुसलं जाऊ शकतं, असं तो म्हणायचा. नकाशेवाला माणूस.) मला आधी भीती वाटलीच नाही. मी चटकन सगळ्या ‘कवळ्या’ दीर्घ केल्या, वर ‘धन्यवाद’ लिहिलं आणि मग एकदम फोन उपडा ठेवला.

कुणीतरी चेष्टा करतंय, असं मी ठरवलं. तुमच्या लेकीला दुकानात बोलावून घेतलं. तिने फोन हातात घेतला, खाली-वर सरकवून पाहिलं आणि स्टुलावर बसली.

“काका, खातं बाबांचंच आहे.”

“ते मलाही वाचता येतं. लिहितंय कोण?”

“बाबांचा फोन आईच्या कपाटात आहे, बंद करून ठेवलेला. परवलीचा शब्द मलाही माहीत नाही.” मग हळूच म्हणाली, “तुम्ही उत्तर दिलंत?”

“धन्यवाद म्हणालो.”

“बरं केलंत,” एवढंच बोलली आणि चप्पल घालून निघून गेली. त्या दिवसापासून ती माझ्याकडे आलेली नाही. तिला रागवू नका.

मग मी परीक्षा घ्यायची ठरवली. लहानपणी शेजारच्यांची काच दादाने फोडली, असं धडधडीत खोटं लिहिलं. चार मिनिटांत उत्तर हजर, “काच तू फोडलीस. मार मी खाल्ला..” वहिनी, ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज एका जिवंत माणसालाही ठाऊक नव्हती. (आता तुम्हाला आहे. काच मीच फोडली.) त्यानंतर मी ब्लॉगवर काही लिहायचंच नाही असं ठरवलं, पण सवय सुटेना. निरुपद्रवी म्हणून दुकानाचा एक फोटो टाकला. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात ना, त्यांतल्या वरच्या दोन फळ्यांचा. खालची फळी फोटोत नव्हतीच. उत्तर आलं, “खालच्या फळीवर डावीकडून तिसरा जबडा उलटा आहे..”

मी उठलो. दुकान इतकं शांत होतं की माझ्या गुडघ्याचा कटकट आवाज मलाच ऐकू आला. खाकरलो, उगीच “कोण आहे?” म्हणालो आणि माझ्याच आवाजाला दचकलो. वाकून पाहिलं. तिसरा जबडा उलटा होता. जबड्याच्या बुडावर गिऱ्हाइकाचं नाव पेन्सिलीने लिहायची माझी पद्धत तुम्हाला माहीत असेल. नाव वर आलं होतं. दादाचं होतं. मी तो उलटा ठेवला नव्हता, दुकानाची किल्ली दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि त्या फळीला मी महिनाभर हातही लावला नव्हता. दोन्ही हातांनी तो सरळ केला. खुर्चीवर येऊन बसेपर्यंत पडद्यावर दोन शब्द आले होते. “आता बरं..”

खरं सांगू? घाम फुटला होता, तरी कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखंही वाटलं.

आणि गेल्या मंगळवारी त्या मेल्या संकेतस्थळावर (शिवी नव्हे, सहज आलं) दादाची मैत्रीची विनंती आली. खाली दोन बटणं, ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’. सहा दिवस मी त्यांच्याकडे पाहतोय. शेवटी हिला दाखवलं. ही भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

“दाबा की. एवढं काय त्यात?”

“आणि दाबल्यावर पुढे काय?”

“पुढे काय? बोला.”

“अगं, तो गेलाय.”

“दहा मिनिटांवर होते तेव्हा तरी कुठे गेलात बोलायला?” असं म्हणून ती आत गेली. वहिनी, मला भुताची भीती नाही वाटत. पहिलं वाक्य काय लिहायचं, याची वाटते.

असो. गुडघ्याला शेक घेत जा. लेकीला आशीर्वाद. लिहिण्यात काही अधिकउणं झालं असेल तर धाकटा म्हणून पोटात घाला.

तुमचा,
धाकटा

ता. क. : ते खातं बंद करायचा विचार तुमच्या लेकीने बोलून दाखवला, तर कृपा करून थांबवा. निदान मी सांगेपर्यंत.

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आधी मन घट्ट केलं आणि बटण दाबलं. ‘नाकारा’ दाबलं गेलं. विनंती गेली, वहिनी. तिथे आता काहीच नाही. दोन तास झाले, ब्लॉगवरही सामसूम आहे. तुम्हीच लिहीत असाल तर मी काही विचारणार नाही, पुन्हा एकदा पाठवा. तुम्ही नसाल, तर त्याला सांगा की माझं बोट चुकलं. तो तुमचं कधीच ऐकत नसे, पण सांगून बघा.