हा स्टर्जिल नव्हेच

३ मार्च
आज सिद्ध झालं. १९१० सालच्या सिगारेटच्या पाकिटात मिळणारं ते बेसबॉल खेळाडूच्या फोटोचं कार्ड, खाली छापलंय ‘होबार्ट स्टर्जिल, पिचर’, म्हणजे चेंडू टाकणारा. त्यातला माणूस स्टर्जिल नव्हेच! शंभर वर्षं लोक भलत्याच माणसाकडे बघत बसले. कानाकडे बघायची अक्कल एकालाही नाही. मी तीस वर्षं ओहायोतल्या जमिनी मोजल्या. एक कान मोजायला कितीसा वेळ लागणार?

५ मार्च
दोन दिवस लागले. कर्कटकाचं टोक बोटात घुसलं, ते सोडा. १९०९ च्या वर्तमानपत्रात संघाचा फोटो आहे. पुढच्या रांगेत डावीकडून दुसरा, लेस्टर क्वेड. कानाची पाळी गालाला चिकटलेली. कार्डावरही तशीच. मर्नाला दाखवलं. म्हणाली, मला सगळे कान कानासारखेच दिसतात. अडतीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून ही प्रगती.

८ मार्च
जुनी कार्डं जमवणाऱ्यांच्या आमच्या मंडळाची बैठक, लायब्ररीच्या तळघरात. अकरा सभासद. सगळे कार्डाची किंमत जाणतात, चेहरा एकही ओळखत नाही. सेक्रेटरी डोलोरेस फिंक. जन्मभर दाताच्या डॉक्टरकडे लोकांच्या तोंडात नळी धरून उभी राहिली, आता इतिहास सांभाळते. तिला म्हटलं, बावीस तारखेला माझं भाषण ठेवा, स्टर्जिलचं कार्ड चुकीचं आहे. ती म्हणाली, “भाषणाआधी एकदा विनोनाबाईंना भेटून या, ऑर्विल.”
विनोना पेक म्हणजे स्टर्जिलची नात. वय एक्क्याण्णव. इथून वीस मैल.
डोलोरेसचा हेवा स्पष्ट दिसत होता. जाणार नाही.

११ मार्च
जाणार आहे. निर्णय पूर्णपणे माझा. घरच्यांच्या तोंडावर सत्य सांगितलं की भाषणाला वजन येतं. “बाई, मन घट्ट करा” अशी सुरुवात ठरवली. आरशासमोर कनवाळू चेहऱ्याचा सराव केला. मर्नानं विचारलं, दाढ दुखतेय का?

१५ मार्च
विनोनाबाईंकडे जाऊन आलो. दार त्यांनीच उघडलं. चेरी भरलेली पेस्ट्री दिली. समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये तेच कार्ड. म्हणाल्या, घर जळालं तेव्हा आजोबांचे सगळे फोटो गेले, एवढंच उरलं.
मी मन घट्ट करायला सांगितलं. कान दाखवला. पाळी दाखवली. त्यांनी माझं भिंग घेऊन सावकाश पाहिलं.
“अरे बाळा,” त्या म्हणाल्या, “हे आजोबा नाहीत, ते मला माहीत आहे. डोलोरेसनं नऊ वर्षांपूर्वीच सांगितलं.”
मी सदुसष्ट वर्षांचा आहे. बाळा!
डोलोरेसला म्हणे कार्डावरचा मूळ फोटो सापडला होता, मागे नाव लिहिलेला. ती तो घेऊन इथं आली. तेव्हा विनोनाबाईंची धाकटी बहीण गर्ट्रूड अंथरुणाला खिळलेली होती. रोज सकाळी या कार्डाला ‘आजोबा, उठलात का’ म्हणायची. डोलोरेस हे ऐकत इथंच, याच खुर्चीवर बसली होती. तिनं फोटो पुन्हा पर्समध्ये ठेवला. बाहेर निघताना विनोनाबाईंना सांगितलं, आणि नंतर कुठे अक्षरही छापलं नाही.
“गर्ट्रूड गेली दोन वर्षांपूर्वी,” बाई म्हणाल्या. “आता मीच म्हणते, उठलात का. तुला छापायचं असेल तर छाप, माझी हरकत नाही. फक्त नाव नीट घाल. तो एमॉस टिबेट आहे, राखीव कॅचर. क्वेड नव्हे.”

१६ मार्च
वर्तमानपत्राचा फोटो पुन्हा पाहिला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, नावं उजवीकडून. उजवीकडून कोण मोजतं? छापखान्यात गाढवं भरली होती. कानाचं माप मात्र माझं बिनचूक होतं. याची नोंद असावी.

१९ मार्च
मर्नानं विचारलं, भाषण लिहून झालं का. म्हटलं, शास्त्रात घाई चालत नाही. तिनं विनोनाबाईंबद्दल विचारलं. सगळं सांगितलं. ती उठून कपबशा विसळायला गेली. बायकांना एखाद्या गोष्टीचं महत्त्व पटायला वेळ लागतो.

२२ मार्च
भाषण झालं. विषय ऐनवेळी बदलला: ‘जुनी कार्डं ओलाव्यापासून कशी जपावीत’. अत्यंत दुर्लक्षित विषय. आठजण आले, त्यातले दोघे हीटर दुरुस्त करायला. शेवटी प्रश्न फक्त डोलोरेसचा. कानांचं काय झालं?
म्हटलं, तपास चालू आहे.
“चालू राहू दे,” ती म्हणाली. मग मला कॉफी आणून दिली. दोन चमचे साखर घातलेली. माणसाला न विचारता साखर घालते ही बाई. मी साखर घेत नाही.
प्यायलो.