आहे त्या स्थितीत घेतलेलं घर

प्रिय मिस्त्री,

बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच; माझ्या लेकीने तुझ्या सुनेला फोन केला की काही लपून राहत नाही. तरी माझ्या तोंडून ऐक. मी घर घेतलं. जुनं, ओल आलेलं, आणि कागदावर स्वच्छ लिहून दिलेलं की आहे त्या स्थितीत विकलं आहे, पुढे काही निघालं तर विकणाऱ्याचा संबंध नाही. लेक म्हणते, बाबा, जन्मभर लोकांना अशा घरांपासून लांब ठेवलंत आणि म्हातारपणी स्वतःच माती खाल्लीत. जावई तिला हळूच म्हणाला, त्यांना एकदा डॉक्टरला दाखव. दाराआडून म्हणाला, पण माझे कान तुला ठाऊक आहेत.

घर बघायला गेलो ती गंमत तुला सांगायलाच हवी. दलाल गोड माणूस. पण मी बोटाने भिंत वाजवली की त्याला नेमका खोकला यायचा. बैठकीत खोकला, स्वयंपाकघरात खोकला, मागच्या खोलीत तर ठसकाच लागला. जिन्याजवळच्या भिंतीला मात्र बुवा गप्प. म्हटलं, चला, एक भिंत तरी धड आहे. सगळ्या घराला जुना रंग आणि मागच्या एकाच खोलीला ताजा, म्हणजे ओल तिथे. एक कपाट अर्धी खिडकी झाकून उभं. असं कपाट कोण ठेवतं? सरकवलं, तर मागे बोट जाईल एवढी भेग. तुळयांना वाळवी, न्हाणीचा उतार उलटा, पाणी दाराकडे येतं. दुसऱ्या कुणासाठी बघायला गेलो असतो तर त्याला फाटकातूनच परत फिरवलं असतं. सांगितलं असतं, बाबा रे, पाया आणि छप्पर उकरून बघितल्याशिवाय अशा कागदावर सही करू नकोस. घर स्वस्तात मिळेल, दुखणं महागात पडेल.

हे सगळं कळत होतं आणि सही केली. कारण तू जाणतोस ते माझं राहतं घर, आपणच बांधलेलं. वहिनी तुझी गेली आणि त्या घरात काही बिघडेचना. नळ गळत नाही, दार करकरत नाही. मी दिवसभर कान देऊन बसायचो आणि ऐकायला काही नाही. एकदा तर नळाचा वायसर मीच काढून ठेवला, प्लंबर येईल, दोन शब्द बोलेल म्हणून. तो कानात गाणी घालून आला, वायसर बसवला आणि मान हलवून गेला. इथे निदान रात्रंदिवस काहीतरी कुरकुरतं. आता काय झालं म्हणत उठायला निमित्त मिळतं.

पण मागची भिंत मला एकट्याला उलगडत नाही. ठेवायची की उतरवायची? बाहेरून एकाने ठोकायचं आणि आतून दुसऱ्याने कान लावायचा, ही आपली पद्धत. मी ठोकून आत धावत येतो तोवर आवाज संपलेला असतो. शेजारीण खिडकीतून बघते आणि पोरांना आत घेते.

खरं सांगू? सहीच्या आदल्या दिवशी तुला फोन केला होता. मजेत आहे म्हणालास. मुलगा-सून चांगली आहेत, खायला-प्यायला वेळेवर मिळतं, तक्रार नाही म्हणालास. पण इतक्या हळू आवाजात बोललास. दुसऱ्यांच्या बंगल्यात, मालक झोपलेले असताना आपण असं बोलायचो. फोन ठेवला आणि ठरवलं. या घरात दोन म्हाताऱ्यांना आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे, म्हणून घेतलं. तू ये. पाहुणा म्हणून नको, बिऱ्हाड घेऊन ये. सूनबाईला सांग, ठेकेदार फसलाय, मला जावं लागेल. तिला ते पटेल. हात थरथरतो म्हणतोस, तर थरथरू दे. थापी मी धरीन, तू खुर्चीत बसून मला शिव्या घाल. खालची खोली तुला ठेवली आहे. वर जायच्या जिन्याला अजून कठडा नाही. सुतार लावून देतो म्हणत होता, मी त्याला थांबवलं आहे. तुझा हात कुठे टेकतो ते बघून उंची धरायची आहे.

तुझी वाट बघणारा, तुझाच
ठेकेदार