पडत्या बाटलीतलं पाणी

अण्णा, आज तुमच्या नातीने, माझ्या मुलीने, गच्चीवरून पाण्याची बाटली खाली सोडली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतानाही डोळ्यांसमोर तीच होती.

तिच्या शाळेत सध्या अंतराळातलं पाणी चालू आहे. तिथे पाणी सांडत नाही, गोळा होऊन तरंगतं, हे तिने मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी देवाची लीला म्हणून मान डोलावली होती. पण बाईंनी म्हणे सांगितलंय की घरीही याची झलक दिसते. म्हणून तिने बाटलीच्या बुडाजवळ भोक पाडलं. बोट काढलं की धार लागायची. पाणी का सांडतेस म्हणून खालच्या गुजराती काकी ओरडल्या, "बेटा, पाणी केम ढोळे छे?" "काकी, सायन्स छे!" म्हणत हिने धार चालू असतानाच बाटली सोडली. मी अंगणातून चित्रण करत होतो. हातातून सुटताक्षणी धार थांबली. भोक उघडं, बाटली भरलेली, आणि खाली आदळेपर्यंत एक थेंब बाहेर नाही.

तुम्ही इथे बडोद्यात, गोरव्याच्या कारखान्यात टाकीवरून पडून गेलात तेव्हा मी गावच्या शाळेत होतो. तुमचे कपडे आणि पान्यांची पिशवी घेऊन तुमच्याबरोबरचा एक फिटर गावी आला. ओसरीवर बसून तो आईला म्हणाला, "खांद्यावरच्या या पिशवीनंच ओढलं त्यांना खाली, वहिनी." पिशवी आईने शिवलेली, जाड ताडपत्रीची, पट्ट्याला दुहेरी शिवण. त्यानंतर तिने शिलाई मशीन विकून टाकलं. मी नोकरीला बडोद्याला आलो, तिला आणलं, पिशवीही आली आणि माळ्यावर गेली. एकदाच, भाजी निवडताना, ती म्हणाली होती, "पट्टा कच्चा शिवला असता तर वाटेत तुटला असता." दरवर्षी पितृपक्षात तुम्हाला पाणी देताना ती दाराआड उभी असते, पुढे येत नाही.

आज ती जिन्यात बसली होती. पोरीने चित्रण हळू करून दाखवलं, आईने मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"पाणी का नाही आलं गं?"

"आजी, दोघं बरोबरच पडताहेत ना. पडताना पाण्याचं वजन बाटलीला लागतच नाही. कोणी कोणाला ओढत नाही."

"भरलेली असली तरी?"

"भरलेली असली तरी."

"आणि लोखंड असलं तर?"

पोर हसली. "लोखंड कोण भरतं आजी बाटलीत?"

"असलं तर, म्हणते मी."

"तरी तसंच."

आईने चित्रण पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, "परत टाक."

पोर बाटली भरायला धावली. अण्णा, तुमचा तोल कशाने गेला ते ही बाटली सांगत नाही. पण इतकी वर्षं मी डोळे मिटले की ती पिशवी तुम्हाला ओढताना दिसायची, आणि ते ओढणं कधी नव्हतंच.

दोघी खाली गेल्यावर मी माळ्यावरून पिशवी काढली, घरातले पाने-हातोड्या भरल्या, खांद्याला अडकवली आणि गच्चीतल्या टाकीच्या चौथऱ्यावरून उडी मारली. या वयात. निमिषभरच, पण खांद्यावर काही नव्हतं. खाली पाय टेकले तेव्हा पट्टा रुतला. पिशवी होती तिथे ठेवून आलो. जेवताना आईने विचारलं, "लंगडतोस कशाने?" मी म्हटलं, "पूजेला बसताना लचकला गुडघा."

तिने मान हलवली. आता पाणी प्यायला उठलो तर बाल्कनीत दोरीवर ती पिशवी आईने धुऊन वाळत घातलेली, खालची फरशी थेंबांनी भिजलेली. हे पत्र तिच्यातच ठेवणार होतो. पण ती ओली आहे, आणि गुडघ्याचं खरं आईला सांगायचं अजून धाडस झालेलं नाही.